पुण्याचा रस्ता ठाण्यातून सुटायचा : कळवा, मुंब्रा, शीळ, पनवेल

खाडीपल्याड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कळव्यात कितीतरी इमारतींच्या पाट्यांवर आजही 'जुना मुंबई-पुणे रोड' असा पत्ता दिसतो. नव्याने राहायला आलेली माणसं हमखास विचारतात, पुण्याचा रस्ता इथे कसा? पुण्याला तर वाशीवरून जातात. या प्रश्नाचं उत्तर नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४ ची सरकारी यादीतली सुरुवातच 'ठाण्याजवळ महामार्ग क्र. ३ चा फाटा' अशी होती. तिथून पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर, राणीपेट आणि चेन्नई. म्हणजे चेन्नईपर्यंत जाणाऱ्या रस्त्याचं पहिलं टोक आपल्या ठाण्यात होतं. क्र. ३ म्हणजे मुंबई-आग्रा. तो मुलुंड चेकनाक्यावरून नौपाडा, खोपट, कॅसल मिल, कापूरबावडी, बाळकुम, कशेळी असा भिवंडीकडे जायचा. पुण्याची वाट शहरातच त्याच्यापासून वेगळी व्हायची आणि कोर्टनाक्याकडून, तुरुंगाच्या कडेने कळवा पुलावर चढायची.

ठाणंच का, हे नकाशा उघडून बघा. ठाण्याची खाडी दक्षिणेला वाशी-ट्रॉम्बेकडे समुद्रासारखी रुंद होत जाते, दोन्ही काठांना चिखल आणि खारफुटी. ती सर्वांत अरुंद कुठे आहे, तर ठाणे आणि कळव्याच्या मधे. म्हणून रेल्वेने खाडी इथेच ओलांडली. १६ एप्रिल १८५३ ला गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कल्याणपर्यंत पोचली. रस्त्याचा दगडी पूल त्यानंतर, १८६३ चा. तोपर्यंत बैलगाडीवाल्याला होडीशिवाय गत्यंतर नव्हतं आणि त्याच्या डोळ्यांसमोरून आगगाडी मात्र पुलावरून जात होती.

खाडी संपली की डोंगर. पारसिकचा डोंगर मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत उत्तर-दक्षिण पसरलाय. रेल्वेने त्याला बोगदे पाडले, आधी मुंब्र्याजवळचे आणि मग १९१६ मध्ये जलद गाड्यांसाठी सव्वा किलोमीटरहून लांब असलेला पारसिकचा बोगदा. रस्त्याने तसं काही केलं नाही. तो डोंगराच्या उत्तरेकडच्या टोकाला वळसा घालतो. कळवा नाका, खारेगाव, पारसिक नाका, रेतीबंदर, मुंब्रा असं जाताना एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला कातळ दिसतो तो यामुळेच. रेतीबंदरला रस्ता, रूळ आणि खाडी अगदी खेटून आहेत, कारण तेवढीच जागा होती.

मुंब्रा-कौसा ओलांडलं की डोंगर उजवीकडे मागे सरकतो आणि सपाटी लागते. शीळफाटा, कल्याणफाटा, दहिसर मोरी, पिंपरी, नावडे फाटा, कळंबोली, पनवेल. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर. मुंबईहून पुण्याला किंवा कोकणात मोटारीने जाणारा प्रत्येक माणूस याच वाटेने जायचा. गोव्याचा महामार्ग क्र. १७ सुद्धा पनवेलजवळ या क्र. ४ मधूनच फुटत होता.

मग १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. सिडको स्थापन होऊन तीन वर्षं झाली होती, नवं शहर वसवायचं तर मुंबईशी थेट रस्ता हवाच होता. सायनवरून सरळ पनवेल गाठता येऊ लागल्यावर ठाण्याचा वळसा कोण घेणार? पुण्याची मोटार कळव्यातून गेली ती गेलीच.

पण रस्ता मेला नाही. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि तिथले कंटेनर भिवंडी, नाशिक, गुजरातकडे न्यायला मुंबई टाळणारी वाट लागली. ती होती हीच, कळंबोलीहून शीळफाटा, मुंब्रा आणि खारेगाव. आज या रस्त्यावर दिवसरात्र जी अवजड वाहनं दिसतात त्यांचं मूळ इथे आहे. पुण्याच्या प्रवाशांनी सोडलेला रस्ता बंदराने उचलला.

एवढ्या महत्त्वाच्या रस्त्याची ठाण्यात साधी माहिती देणारी पाटीसुद्धा नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी हा रस्ता वापरलाय, ज्यांच्या घरात आठवणी आहेत, त्यांनी कृपया लिहा.

---

पनवेलचा_पेशकार

फार चांगला विषय घेतलात. दुसऱ्या टोकाकडून थोडी भर घालतो, कारण पनवेल वगळून या रस्त्याचा इतिहास अर्धाच राहतो.

तुम्ही म्हणता तशी ठाण्यावरची वाट मुख्य झाली ती मोटारीच्या काळात. त्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस ठाण्याला येतच नसे. तो गलबतात बसून पनवेल बंदराला उतरायचा आणि तिथून घाटाकडे निघायचा. १८०४ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने बोरघाटातून तोफा चढवता येतील इतपत रस्ता करून घेतला, तो पनवेल-पुणे वाहतुकीसाठी. पुढे १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर जॉन माल्कम याच्या हस्ते घाटातला गाडीरस्ता खुला झाला, आणि मग चाकाची गाडी देशावरून थेट बंदरापर्यंत उतरू लागली. देशावरचा माल आणायला आलेल्या गाड्या परत जाताना मीठ, नारळ, मासळी घेऊन जात.

या गाड्यांमुळे पनवेलात गाडीची चाकं बनवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून चाकांचाच उल्लेख आहे. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका झाली, ती याच वर्दळीच्या जोरावर.

१८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि पनवेलचा दिमाख ओसरला. तुमचा कळव्याचा दगडी पूल आणि बोरघाटातली रेल्वे एकाच वर्षाची. पनवेल पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होतं, १८८३ मध्ये ते कुलाबा जिल्ह्यात (आताच्या रायगडात) गेलं. त्यामुळे जुनी कागदपत्रं शोधणाऱ्यांनी ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये पनवेल बघावं, तिथे भरपूर सापडेल.

---

मुग्धा_ऐरोली

वाचनखूण साठवली. एक शंका. आम्ही ज्याला ठाणे-बेलापूर रोड म्हणतो तो याचाच भाग का? तोही कळव्यातूनच सुटतो ना?

---

खाडीपल्याड

मुग्धाताई, दोन्ही कळवा नाक्याजवळ फुटतात, पण डोंगराच्या दोन बाजूंनी जातात. ठाणे-बेलापूर रस्ता विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून दक्षिणेला वळतो आणि पारसिकच्या पश्चिमेने, खाडीच्या बाजूने, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असा जातो. तो वाढला तो एमआयडीसीच्या कारखान्यांमुळे. जुना पुणे रस्ता डोंगराच्या पूर्वेने जातो. मधे डोंगर असल्यामुळे दोघांची गाठ पडते ती फक्त महापे-शीळ रस्त्याने, जो डोंगर चढून पलीकडे उतरतो. आता ऐरोली-काटई रस्त्याच्या कामात याच डोंगराला बोगदा पाडलाय. रेल्वेने एकोणिसाव्या शतकात जे केलं ते रस्त्यासाठी आता होतंय.

पनवेलचा_पेशकार, चाकांची माहिती मस्त. मुंबईच्या बाजूचा दुवा मी जोडतो. सायनचा बांध १७९८ ला सुरू होऊन १८०५ ला पुरा झाला आणि मुंबई बेट साष्टी बेटाला, म्हणजे ठाण्याच्या बाजूला, जमिनीने जोडलं गेलं. म्हणजे वेलस्लीचा घाटरस्ता आणि मुंबईतून ठाण्याकडे यायची सलग वाट एकाच सुमाराला तयार झाली. मधला ठाणे-पनवेल तुकडा भरून निघायला मात्र फार काळ गेला.

---

ट्रकवाल्याची_लेक

मी इथे एरवी फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझे वडील नाशिकहून पनवेल, पेणकडे ट्रक घेऊन जायचे. आम्ही राहायला खारेगावात, त्यामुळे त्यांचा ट्रक घराजवळून जायचा आणि सुट्टीत कधीकधी मला केबिनमध्ये बसवून पनवेलपर्यंत नेत. तेव्हा मुंब्रा बायपास नव्हता. सगळ्या गाड्या मुंब्रा गावातून, बाजारातून, स्टेशनसमोरून जायच्या. समोरून दुसरा ट्रक आला की क्लीनर खाली उतरून हाताने टपऱ्यांची छपरं वर धरायचा आणि बाबा इंचाइंचाने गाडी काढायचे. दुकानदारांना सवय झालेली, ते आपणहून बाकडी आत ओढायचे. शिव्या क्वचितच ऐकल्या. 'उस्ताद, आने दो, आने दो' हेच जास्त.

रेतीबंदरला गाडी हमखास थांबायची. डोंगरातून पावसाळ्यात पाणी धो-धो यायचं, ते रेडिएटरला भरायचं. खाडीत रेतीच्या होड्या, काठावर रेतीचे ढीग आणि पाट्या वाहणाऱ्या बायका. डोंगरावर मुंब्रादेवीचं देऊळ दिसलं की बाबा स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावायचे. त्यांच्याबरोबरचा क्लीनर मुंब्र्याचाच, मुसलमान. तोही लावायचा. त्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, मी आज लिहितेय इतकंच.

शीळफाट्यानंतर अंधार असायचा. आज जिथे टॉवर आहेत तिथे भातशेती होती, आणि पावसाळ्यात दहिसर मोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. बाबा म्हणायचे, रस्ता कुठे संपतो ते झाडांवरून ओळखायचं.

बायपास झाला तेव्हा ते खूश होते. मुंब्र्यातल्या लोकांनी फार सोसलं, आता सुटतील, असं म्हणाले होते.

---

नितीन_शीळ

ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या आजोबांचं मुंब्र्यात दुकान होतं, बाकडी आत ओढणाऱ्यांपैकीच ते एक.

बायपासबद्दल एक सांगतो. तो डोंगराच्या उतारावर कापून काढलाय, त्यामुळे पावसाळ्यात दरडीची भीती असते आणि एवढ्या वजनाच्या गाड्यांनी रस्ता लवकर खराब होतो. २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी मे ते सप्टेंबर बायपास बंद ठेवला होता. ते महिने आठवून बघा. अवजड वाहतूक ऐरोलीकडे वळवली आणि ठाणे, ऐरोली, नवी मुंबई, कल्याण सगळीकडे चक्का जाम. एक बायपास बंद झाला तर अख्खा जिल्हा अडतो, यावरून हा रस्ता आजही किती महत्त्वाचा आहे ते कळतं. इतिहास म्हणून बोलताना हेही लक्षात असू द्या.

---

कमान_आणि_कातळ

मी पुलांच्या कामात असतो, म्हणून कळव्याच्या जुन्या पुलाबद्दल लिहितो.

कळव्याला आता तीन पूल आहेत. दगडी कमानींचा १८६३ चा, नंतर नव्वदच्या दशकातला काँक्रिटचा, आणि १३ नोव्हेंबर २०२२ ला खुला झालेला तिसरा. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, माणसं गेली. त्यानंतर राज्यातल्या सगळ्याच जुन्या पुलांकडे लक्ष गेलं आणि कळव्याच्या दगडी पुलावर वाहतूक बंद झाली. तो निर्णय योग्यच होता.

पण वाहनांसाठी अयोग्य म्हणजे पूल निकामी, हे मला मान्य नाही. दगडी कमान दाबावर उभी असते. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो, त्यामुळे लोखंडासारखं गंजण्याचं कारण नाही. तिला धोका असतो तो पायाखालची माती धुपण्याचा, सांध्यांतला चुना निघून जाण्याचा आणि फटीत वाढलेल्या पिंपळ-वडाच्या मुळांचा. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत. पायाची पाहणी पाणबुड्याकडून करता येते, सांधे पुन्हा भरता येतात, झाडं मुळासकट काढता येतात. आणि माणसांचं वजन ट्रकांच्या तुलनेत काहीच नाही. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी हा पूल आणखी कितीतरी वर्षं देता येईल.

बोरघाटातला अमृतांजन पूल आठवा. द्रुतगती मार्गाला त्याचे खांब अडचणीचे होते, अपघात होत होते, म्हणून एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो पाडला. कारण समजतं. पण याच जुन्या पुणे रस्त्यावरची सर्वांत ओळखीची खूण त्या दिवशी गेली. कळव्याला तसं काही कारण नाही, नवे पूल शेजारी उभे आहेत. मग हा का जाऊ द्यायचा?

---

सरळ_हिशोब

तुमची तळमळ कळते, पण मी वेगळं म्हणेन. जुन्या पुलाचे खांब जाड आणि जवळजवळ आहेत, ते खाडीचा प्रवाह अडवतात. भरतीत मोठा पाऊस आला की कळवा-विटाव्यात पाणी साचतं, विटाव्याच्या पुलाखाली तर दर पावसाळ्यात. शिवाय पैसा मर्यादित आहे. शीळफाट्याला रोज तासन्‌तास अडकणारे लोक म्हणतील, आधी आमचं बघा, मग दगडांचं.

---

कमान_आणि_कातळ

मुद्दा रास्त आहे. विटाव्याचं पाणी मुख्यतः रेल्वेखालचा रस्ता सखल असल्यामुळे आणि भरतीला नाल्याचं पाणी बाहेर पडत नसल्यामुळे साचतं. जुना पूल काढला तरी सखल जागा सखलच राहणार. प्रवाहाचं म्हणाल तर त्याचा रीतसर अभ्यास करून मगच ठरवावं. तो अभ्यास न करता पाडणं आणि तो न करता ठेवणं, दोन्ही चूक. शीळफाट्याबद्दल मात्र दुमत नाही, ते काम आधी व्हायला हवं.

---

खाडीपल्याड

सरळ_हिशोब, रोज अडकणाऱ्यांचा विचार पहिला, यात वाद नाही. तरी एक सांगावंसं वाटतं. मुंबईत सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजणारे मैलाचे दगड महापालिकेने शोधून जपले. तिथेही खड्डे होते, कोंडी होती. दोन्ही कामं चालू शकतात. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली तेव्हा कळवा-मुंब्रा तिच्यात आलं. म्हणजे पुलाच्या दोन्ही बाजू एकाच शहरात आहेत, कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको.

---

अभि_४८

हे क्रमांकांचं काय झालं पण? मी तर लहानपणापासून एनएच ४ म्हणतो आणि हल्ली नकाशात दुसरंच काही दिसतं.

---

पनवेलचा_पेशकार

२०१० मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पुणे-बंगळूर-चेन्नई रस्ता दिल्ली-मुंबई रस्त्याला जोडून सगळ्याचा मिळून ४८ झाला. गोव्याचा १७ आता ६६. जुना ४ हा आकडा अंदमानातल्या रस्त्याला गेला आणि ३ हा अटारीहून लेहला जाणाऱ्या रस्त्याला. ट्रकवाले मात्र अजूनही चार नंबरच म्हणतात, आणि पनवेलजवळच्या पळस्प्याला पत्ता विचारलात तर तेच उत्तर मिळेल.

---

पिंपरीचा_शेतकरी

इथे बऱ्याच जणांनी इतिहास लिहिला, मी रस्त्याकडेच्या गावातलं लिहितो.

शीळफाट्यापासून नावड्याच्या दिशेने आमची चौदा गावं आहेत. दहिसर, पिंपरी, निघू, नागाव, वालिवली, गोठेघर, उत्तरशीव वगैरे. नवी मुंबई महापालिकेत घातली, आंदोलन झालं, २००७ मध्ये बाहेर काढली, मग पुन्हा आत घ्यायचं ठरलं. या सगळ्या वर्षांत रस्त्याच्या कडेचं काम कुणाचं, याचं उत्तर आम्हाला कुणी धड दिलं नाही. रस्त्याच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला शेत, शाळा, बसथांबा. पोरांना कंटेनरच्या रांगेतून पलीकडे जावं लागतं. रात्री कडेला लावलेल्या ट्रकांना दिवे नसतात, त्यावर दुचाक्या आदळतात. माझ्या चुलतभावाचा पाय तसाच गेला.

आमच्या म्हाताऱ्या माणसांना हा रस्ता दोन्ही बाजूंना झाडी असलेला आठवतो. रुंदीकरणात झाडं गेली. मला महामार्गाचा राग नाही. भातशेती सुटल्यावर गॅरेज, धाबे, वजनकाटे यांवरच आमची घरं चालली. पण तुम्ही पुलाची पाटी मागणार असाल तर आमच्यासाठी पादचारी पूल आणि ट्रक उभे करायला वेगळी जागा हेही त्याच अर्जात लिहा. रस्ता तोच आहे.

---

ट्रकवाल्याची_लेक

दादा, ट्रक उभे करायला जागा हवी हे अगदी खरं. माझे बाबा रात्री कडेला गाडी लावून झोपायचे, कारण दुसरी सोयच नव्हती. ड्रायव्हर मुद्दाम असं करत नाहीत. त्यांना अंघोळीची, झोपायची जागा दिलीत तर कुणी रस्त्यात थांबणार नाही.

---

खाडीपल्याड

पिंपरीकर, नक्की लिहितो. अर्जाचा मसुदा असा करतोय : एक, कळव्याच्या जुन्या पुलाची पाण्याखालच्या पायासह तपासणी आणि तिचा अहवाल लोकांसाठी खुला. दोन, पूल सुरक्षित ठरला तर तो फक्त पादचारी आणि सायकलींसाठी खुला करणं. तीन, कोर्टनाका, रेतीबंदर, शीळफाटा आणि कळंबोली इथे या रस्त्याची माहिती देणारे मराठी फलक. चार, चौदा गावांसाठी पादचारी पूल आणि शीळ ते नावडे पट्ट्यात ट्रक उभे करायची जागा, ड्रायव्हरांसाठी पाणी, अंघोळ, झोपण्याच्या सोयीसह.

चौथं कलम पहिलं करावं का, असं वाटू लागलंय. मत द्या.

आणि ज्यांच्याकडे बायपासच्या आधीच्या मुंब्र्याचे, रेतीबंदरच्या होड्यांचे किंवा वाशी पूल होण्याआधीच्या कळवा नाक्याचे फोटो असतील त्यांनी इथेच टाकावेत. मागे अंदाजे साल आणि जागा लिहिली तर फलकांच्या मजकुराला उपयोग होईल.

---

पिंपरीचा_शेतकरी

पहिलंच करा. दहिसर आणि निघूच्या सह्या मी गोळा करतो, नावड्याकडचं कुणी बघेल का?

---

पनवेलचा_पेशकार

नावडे आणि कळंबोली माझ्याकडे.